पाटी तीच, मालक दुसरा

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी माणूस नवी चोपडी देवापुढे ठेवतो, तिच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढतो आणि 'शुभ लाभ' ही दोन अक्षरे लिहितो. संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या पेढीतसुद्धा त्या दिवशी एखादी तरी वही पूजेपुरती आणली जाते. या चोपडीत वर्षाचा नफा-तोटा उतरतो, पण एक प्रश्न मात्र तिच्या कोणत्याच पानावर येत नाही. ज्याने धंदा उभा केला, त्याच्या मुलानातवंडांनी एके दिवशी तो दुसऱ्याच्या हवाली केला, तर त्या धंद्याचे पुढे काय होते?

आपल्या मराठी घरांत या प्रश्नाचे उत्तर जणू ठरून गेलेले आहे. घर विकले, शेत विकले, दागिने विकले असे कोणी सांगितले की ऐकणारा हळहळतो. धंदा विकला म्हटल्यावर तर तो बुडालाच असे आपण धरून चालतो. आजोबांनी मांडले, बापाने वाढवले आणि नातवाने मोडले, ही कथा आपल्याला इतकी पाठ आहे की पुढचे ऐकायला आपण थांबतच नाही. पण गिरगावपासून दादरपर्यंतच्या या काही मैलांच्या पट्ट्यात गेल्या दीडशे वर्षांत इतके धंदे उभे राहिले आणि इतक्यांचे मालक बदलले की, पुढचे ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये असे वाटते.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. धंदा विकला जातो म्हणजे एकच वस्तू विकली जात नाही. खरेदीखत एक असले तरी त्यात निदान तीन वस्तू असतात. पहिले नाव, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मनातली पत. दुसरे कसब, म्हणजे माल कसा करायचा हे जाणणारी माणसे. आणि तिसरी जागा, म्हणजे ज्या जमिनीवर कारखाना उभा असतो ती. विकणाऱ्याला वाटते की आपण तिन्ही मिळून एक जिवंत वस्तू देत आहोत. घेणाऱ्याची नजर मात्र पुष्कळदा तिघींतल्या एकीवरच असते. तिला तो जपतो. उरलेल्या दोघींचे काय व्हायचे ते होवो!

तत्पूर्वी हेही सांगितले पाहिजे की, न विकता घरात ठेवलेला धंदा चिरंजीव होतो असे मुळीच नाही. काळबादेवीच्या कोलभाट गल्लीतला निर्णयसागर छापखाना आठवावा. जावजी दादाजी हा गरिबीत वाढलेला माणूस, अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामापासून त्याने सुरुवात केली. १८६९ साली त्याने स्वतःचा छापखाना काढला आणि पुढे त्याच्या देवनागरी खिळ्यांची कीर्ती हिंदुस्थानभर पसरली. निर्णयसागरची संस्कृत पोथी म्हणजे शुद्ध पोथी, असा शास्त्रीपंडितांचा विश्वास होता. जावजी १८९२ साली वारले. त्यांच्यामागून त्या ग्रंथांवर तुकाराम जावजी, मग पांडुरंग जावजी आणि त्यानंतर सत्यभामाबाई पांडुरंग अशी प्रकाशकांची नावे पाठोपाठ दिसतात. पिढ्यान्‌पिढ्या घराण्याने तो सांभाळला. तरीही अखेर छापखाना बंद पडलाच. आज त्याचे ग्रंथ जुन्या बाजारात शोधावे लागतात. तेव्हा विकणे हाच मृत्यू आणि न विकणे हेच जीवन, इतका हा हिशेब सरळ नाही.

आता गिरगावातच राहून दुसरी गोष्ट पाहू. १९३१ साल. कायदेभंगाच्या चळवळीने मुंबई ढवळून निघाली होती आणि परदेशी मालावरच्या बहिष्काराला धार आली होती. त्या वर्षी दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू गोविंद परशुराम दांडेकर यांनी गिरगावात 'दांडेकर आणि कंपनी' या नावाने शाईचा धंदा सुरू केला. माल म्हणजे शाईची पूड आणि शाईच्या वड्या, छाप घोड्याचा. पाण्यात वडी टाकावी, ढवळावी आणि दौत भरून घ्यावी. शाईच्या बाटलीपेक्षा वडी नेण्याआणण्यास सोपी, फुटण्याची भीती नाही आणि किंमतही बेताची. चहूकडे शाळा, कचेऱ्या, छापखाने आणि कारकुनांच्या चाळी असलेल्या गिरगावात हा धंदा निघावा यात नवल नाही.

पुढे फाउंटन पेनाचे दिवस आले तेव्हा दांडेकरांनी त्यासाठी 'कॅमल' नावाची शाई काढली. घोडा गेला आणि उंट आला. 'कॅमल' आणि 'इंक' हे शब्द जोडून 'कॅम्लिन' झाले, आणि १९४६ साली धंद्याला खाजगी कंपनीचे रूप मिळाले. दुसऱ्या पिढीत सुभाष दांडेकर यांनी चित्रकलेच्या रंगांकडे लक्ष दिले. त्यानंतर महाराष्ट्रात असे घर विरळाच, जिथे जून महिन्यात कॅम्लिनची कंपासपेटी किंवा उंटछाप रंगांची पेटी आली नाही. धंद्याचे कारखाने मात्र गिरगावात राहिले नव्हते. जागा अपुरी पडली तसे ते उपनगरांकडे आणि त्याहीपलीकडे गेले. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. गिरगावाने कॅम्लिन गमावले ते विक्रीमुळे नव्हे. मालकी दांडेकरांचीच असताना धंदा वाढला म्हणून गमावले.

२०११ साली दांडेकर कुटुंबाने मोठा निर्णय घेतला. जपानच्या कोकुयो या कंपनीने कॅम्लिनचे निम्म्याहून थोडे अधिक भाग सुमारे ३६५ कोटी रुपयांना मिळवले. बातमी आली तेव्हा अनेकांना चुटपुट लागली. स्वदेशीच्या लाटेत जन्मलेली शाई परक्यांच्या हाती गेली, असे लोक म्हणाले. भावना समजण्यासारखी होती. परंतु काळही बदलला होता. सिगारेटच्या धंद्यातून आलेल्या आयटीसीसारख्या बलाढ्य कंपनीने वह्या-पेन्सिलींचा बाजार धरला होता, आणि घराण्याच्या गंगाजळीवर असल्यांशी टक्कर देणे सोपे नव्हते. भावकीत भाग वाटत वाटत धंदा झिजवण्यापेक्षा सामर्थ्यवान भागीदार आणावा, हा विचार व्यवहाराला धरूनच होता.

पण घेणारा कोण होता? इथे खरी गंमत आहे. १९०५ साली ओसाका शहरात झेंतारो कुरोडा नावाच्या माणसाने एक लहानसे दुकान थाटले. तो काय करीत असे? व्यापाऱ्यांच्या हिशेबाच्या चोपड्यांना पुठ्ठे! आपल्याकडे दिवाळीत जिची पूजा होते, त्या वहीच्या जपानी बहिणीला वस्त्र चढवण्याचा त्याचा धंदा. त्यातून वह्या, कागद आणि कचेरीच्या सामानाचा मोठा व्याप उभा राहिला आणि त्याची सूत्रे कुरोडा घराण्याच्या पुढच्या पिढ्यांकडे आली. जपानात मुलांची संख्या वर्षानुवर्षे घटत होती. वहीवाल्याला शाळकरी मुलांचा देश हवा होता. म्हणजे एका लेखनसाहित्यवाल्या घराण्याने दुसऱ्या लेखनसाहित्यवाल्या घराण्याचा धंदा घेतला. त्याला नाव हवे होते आणि कसबही हवे होते.

म्हणूनच की काय, पाटीवर 'कोकुयो कॅम्लिन' असे जोडनाव आले. कॅम्लिन पुसले गेले नाही. रंगांच्या डबीवरचा उंट राहिला. दिलीप दांडेकर अध्यक्षपदी राहिले, आणि पुढच्या पिढीतले श्रीराम दांडेकरही कारभारात राहिले. पाताळगंगेला नवा कारखाना उभा राहिला. त्याआधीच २००६ साली रसायनांची शाखा अलग होऊन कुटुंबातल्याच दुसऱ्या शाखेकडे गेली होती. तीही आपल्या नावात कॅम्लिन मिरवते. सुभाष दांडेकर जुलै २०२४ मध्ये वारले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांना 'कॅम्लिनचे' दांडेकर म्हणूनच निरोप दिला. मालकी हलली होती, नाते हलले नव्हते.

मात्र प्रत्येक खरेदीदार नाव जगवायलाच येतो, अशी समजूत करून घेऊ नये. पार्ल्याच्या चौहानांनी १९९३ साली थम्स अप, लिम्का आणि गोल्ड स्पॉट ही आपली पेये कोका-कोलाला विकली, ही हकीकत मुंबईकरांना ठाऊक आहे. परक्या कंपनीला खरी गरज होती ती बाटल्या भरणाऱ्या कारखान्यांच्या जाळ्याची आणि दुकानांतल्या जागेची. तिच्याकडे स्वतःचे नारिंगी पेय होते, म्हणून गोल्ड स्पॉट हळूच बाजूला सारले गेले आणि एका पिढीच्या जिभेवरची ती चव नाहीशी झाली. थम्स अपलाही मागे ढकलले गेले होते. पण गिऱ्हाईक हटेना, तेव्हा तेच पुढे आणावे लागले. गिऱ्हाइकाच्या हट्टाने वाचलेले नाव म्हणून त्याचा दाखला द्यावा लागतो.

गिरगावातून उत्तरेला दादरला यावे. दादरच्या गोखले रस्त्यावर झंडू फार्मास्युटिकलचा कारखाना होता. जामनगरचे प्रसिद्ध वैद्य झंडू भट्टजी यांचे नातू जुगतराम वैद्य यांनी १९१० साली हा धंदा उभारला. काढे, भस्मे, आसवे घरोघर करण्याचे दिवस सरत होते. तीच औषधे बाटलीत भरून, छाप लावून विकण्याची ही कल्पना. पुढे डोकेदुखीवरच्या बामाने झंडूचे नाव घरोघरी नेले. २००८ साली कलकत्त्याच्या इमामी कंपनीने या धंद्यावर नजर टाकली. वैद्य कुटुंबाने आपला वाटा तिला विकला. कारभार पाहणाऱ्या पारिख कुटुंबाने मात्र कडवा विरोध केला आणि प्रकरण कंपनी लॉ बोर्डापर्यंत गेले. काही महिन्यांच्या झुंजीनंतर पारिखांनीही, पुष्कळ चढ्या भावाने, आपले भाग दिले.

नंतर काय झाले? बाम जगला. नुसता जगला असे नव्हे, तर २०१० साली एका हिंदी चित्रपटातल्या नाचगाण्यात त्याचे नाव आले, कंपनीने आधी नोटीस धाडली आणि मग शहाणपणाने समेट करून त्याच गाण्याच्या लोकप्रियतेवर जाहिरात केली. पण औषधांचा धंदा एका कंपनीत विलीन झाला, आणि स्थावर मिळकतीचा व्यवहार दुसऱ्या कंपनीकडे गेला. एकाच घरात वाढलेल्या नावाची आणि जागेची अशी फारकत झाली. बामची डबी तुमच्या-आमच्या कपाटात आहे. ज्या रस्त्यावरून जाताना औषधांचा वास येत असे, त्याला मात्र तिच्याशी काही देणेघेणे उरलेले नाही.

आता परळ-लालबागकडे वळले पाहिजे, कारण खरा दुःखाचा अध्याय तिथे आहे.

गिरणगावातल्या गिरण्याही मुळात कौटुंबिक धंदेच होते, हे आपण विसरतो. परळची मोरारजी गोकुळदास गिरणी १८७१ सालची. मोरारजींचे चिरंजीव नरोत्तम मोरारजी हे वालचंद हिराचंदांबरोबर १९१९ साली सिंदिया जहाज कंपनी उभारणाऱ्यांत होते. १९३४च्या सुमारास ही गिरणी पिरामल घराण्याने घेतली. राजस्थानातून आलेल्या या घराण्याला त्या वेळी गिरणीच हवी होती, कापडच हवे होते. म्हणून मालक बदलूनही भोंगा वाजत राहिला आणि त्यानंतर कितीतरी दशके परळच्या चाळींतली माणसे त्याच फाटकातून पाळीला गेली. विक्री झाली म्हणून त्या दिवशी कोणाच्या घरातली चूल विझली नाही.

ससून घराण्याच्या गिरण्यांचेही प्रथम असेच झाले. बगदादहून आलेल्या या यहुदी घराण्याच्या ई. डी. ससून शाखेच्या हाती मुंबईतल्या गिरण्यांचा फार मोठा समूह होता. परंतु सर व्हिक्टर ससून यांचे मन शांघायमध्ये रमले होते. तिथे त्यांनी उंच इमारती आणि नामांकित हॉटेल उभारले. १९४३ साली, युद्धामुळे कापडाला सोन्याचे मोल आले असताना, हा समूह मारवाडी व्यापाऱ्यांच्या हाती गेला आणि त्याचे नाव 'इंडिया युनायटेड मिल्स' झाले. भोंगे वाजत राहिले. पुढे गिरण्या आजारी पडल्या, सरकारने त्या हाती घेतल्या आणि त्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यातून गिरणगाव पुन्हा सावरले नाही.

तोपर्यंत तीन वस्तूंतल्या दोघींचा भाव उतरला होता आणि तिसरीचा आभाळाला भिडला होता. १९९१च्या विकास नियमावलीने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे सांगितले: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरबांधणीसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ साली नियमाचा अर्थ बदलला. वाटणी फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीची, बांधकामाखालच्या जमिनीची नव्हे, असे ठरले. प्रकरण न्यायालयात गेले आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा बदल ग्राह्य धरला. सार्वजनिक वाट्याला येणारी जमीन आटली. आता गिरणी घेणाऱ्याला ना नाव हवे होते ना कसब. त्याला फक्त जागा हवी होती.

इथे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून पाहावेत. २००५ साली दादरच्या कोहिनूर गिरणीची सुमारे पाच एकर जमीन लिलावात ४२१ कोटी रुपयांना गेली. सहा वर्षांनी कॅम्लिनचा अर्ध्याहून अधिक हिस्सा सुमारे ३६५ कोटींना गेला. ऐंशी वर्षांची पत, कारखाने, रंग घोटणारी माणसे आणि लक्षावधी मुलांच्या दप्तरांतले स्थान, या साऱ्यात निम्म्याहून मोठी भागीदारी. आणि तिच्याहून अधिक मोल यंत्रे थांबलेल्या पाच एकर मातीला! ज्या शहरात माती माणसाच्या कसबाहून महाग होते, तिथे कारखाना चालवणारा मालकच एके दिवशी स्वतःला विचारू लागतो, की मी हे का चालवतो आहे? मग विकणारा घराण्यातला असो वा परका, शेवट सारखाच होतो. मोरारजी गिरणी पिरामलांनी जपली, आणि पुढे तिच्या जागेवर मनोरे उभे राहिले तेही त्याच घराण्याच्या कारकिर्दीत.

नावाची मात्र एक गंमत उरलीच. दादरच्या चैत्यभूमीजवळच्या ज्या जमिनीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मारक व्हावे म्हणून लोकांनी लढा दिला, ती 'इंदू मिल'ची जमीन. इंदू हे कोणा शेठजींच्या कन्येचे नाव नव्हे. 'इंडिया युनायटेड' या लांबलचक नावाचे ते लोकांनी केलेले लाडके रूप. समूहातली ही सहाव्या क्रमांकाची गिरणी. २०१२ साली जमीन स्मारकासाठी देण्याची घोषणा झाली आणि २०१५ साली भूमिपूजन झाले. खाजगी धंद्याची जागा सार्वजनिक झाल्याचे असे उदाहरण मुंबईत थोडेच सापडेल. आणि ते आपोआप घडले नाही. लोक मागत राहिले म्हणून घडले.

मुंबईबाहेरचे एकच उदाहरण देऊन हा विषय आवरता घेतो, कारण त्यात या तीन वस्तू कागदोपत्रीच वेगळ्या केल्या गेल्या. वालचंद हिराचंदांनी १९३३ साली मालेगावजवळ रावळगाव येथे साखर कारखाना उभारला आणि पुढे तिथेच गोळ्या होऊ लागल्या. 'रावळगाव' म्हणजे गोळी, असे समीकरण आपल्या बालपणात होते. २०२४ साली त्या कंपनीने आपली व्यापारचिन्हे आणि गोळ्या करण्याच्या कृती रिलायन्स समूहाला २७ कोटी रुपयांना दिल्या; जमीन आणि यंत्रसामग्री स्वतःकडे ठेवली. गावाचे नाव गोळीच्या कागदावर बसून गावाबाहेर गेले, आणि गाव जिथल्या तिथे राहिले. नाव २७ कोटींचे. ज्यांनी वर्षानुवर्षे पाकाचा हात सांभाळला त्या माणसांच्या कसबासाठी खतात स्वतंत्र रकाना नव्हता.

याचे सार काय? संस्थापकांच्या वंशजांनी धंदा विकला यात लाज नाही. पुत्राने पित्याचीच गादी चालवली पाहिजे हा नियम राजघराण्यांनाही तारू शकला नाही, मग शाईवाल्याला किंवा वैद्याला तो का जाचावा? विकणाऱ्याला भाव मिळावा, हेही न्याय्यच. पण भावाबरोबर आणखी एक गोष्ट त्याच्या हाती असते, आणि सही होईपर्यंतच असते. ती म्हणजे घेणाऱ्याची निवड. त्याला आपल्याकडचे काय हवे आहे, एवढे ओळखले तरी पुढच्या वीस वर्षांचे भविष्य वाचता येते. चोपड्यांचे पुठ्ठे करणाऱ्याच्या नातवंडांना रंगांचा धंदा दिला तर रंग राहतात. जमिनीच्या व्यापाऱ्याला गिरणी दिली तर जमीन राहते. यात दैवाचा भाग थोडा आणि डोळसपणाचा अधिक.

आणि जे विक्रीखतावर सही करीत नाहीत त्यांचे काय? लालबागच्या साचेवाल्याला त्याची गिरणी कोणाला विकावी हे कोणी विचारले नाही. १९३४ साली नाही, १९४३ साली नाही आणि २००५ सालीही नाही. पहिल्या दोन वेळी त्याचे नशीब की घेणाऱ्याला त्याचे हात हवे होते. तिसऱ्या वेळी ते हात कोणालाच नको होते. नावाला कायद्याचे संरक्षण आहे, जागेला सातबारा आणि मालमत्तापत्रक आहे. कसबाची नोंद मात्र कुठल्याच दप्तरात होत नाही. ती नोंद जोवर होत नाही, तोवर धंदा विकताना त्या माणसांची आठवण ठेवणे हे विकणाऱ्याच्या सद्‌बुद्धीवरच अवलंबून राहणार. ज्या घराण्यांनी ती ठेवली त्यांच्या पाट्यांकडे लोक आजही आपुलकीने बघतात, मग आतला मालक ओसाकाचा असो की कलकत्त्याचा.